बडगामचे सीनियर

या अंकाच्या इंग्रजी पानांवर बारावीच्या सर्व सीनियर्सची ओळख छापली आहे. पहाटे पीटीच्या शिट्टीनंतर एक बूट हातात घेऊन कोण धावायचे, मेसमध्ये खिरीच्या भांड्याजवळची जागा कोण सोडायचे नाही, हॉकीचा सामना हरल्यावर रात्रभर कोणाला झोप लागायची नाही, हे सगळे त्यात आहे. ते लिहिताना आम्ही अकरावीची मुले खूप हसलो. मराठी पान माझ्या वाट्याला आले, तेव्हा मी ठरवले की एका फार जुन्या सीनियरची ओळख लिहायची. ते आपल्या शाळेचे नव्हेत, डेहराडूनच्या लष्करी शाळेचे. पण खांद्यावर शाळेची पट्टी लावून वाढलेला कोणताही मुलगा त्यांना परका मानणार नाही. त्यांचे नाव मेजर सोमनाथ शर्मा.

त्यांचा जन्म ३१ जानेवारी १९२३ चा. घर हिमाचलातल्या कांगडा जिल्ह्यातले. वडील अमरनाथ शर्मा हे लष्करात डॉक्टर होते आणि पुढे मेजर जनरल झाले. लहानपणी आजोबांनी सोमनाथांना गीतेतल्या कृष्ण-अर्जुनाच्या गोष्टी सांगितल्या. मामा, कॅप्टन कृष्णदत्त वासुदेव, हैदराबाद रेजिमेंटमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात मलायात जपानी सैन्याशी लढताना ते कामी आले. बदल्यांच्या घरात वाढलेली आपल्यातली मुले ओळखतील, तसेच हे घर होते. सोमनाथ आधी नैनितालच्या शेरवूड कॉलेजात शिकले आणि मग डेहराडूनच्या प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेजात गेले. हिंदी मुलांना लष्करी अधिकारी होण्यासाठी तयार करायचे म्हणून ही शाळा १९२२ साली सुरू झाली होती. आज आपण तिला आर.आय.एम.सी. म्हणतो.

२२ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांना कमिशन मिळाले. वय वर्षे एकोणीस. मामांचीच रेजिमेंट त्यांना मिळाली, एकोणिसावी हैदराबाद. तिचे नाव १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झाले. ब्रह्मदेशात ते आठव्या बटालियनबरोबर लढले. तिथे बटालियनचे प्रमुख होते कर्नल थिमय्या, जे १९५७ मध्ये लष्करप्रमुख झाले. थिमय्यासुद्धा डेहराडूनच्या त्याच शाळेचे, तिथल्या अगदी सुरुवातीच्या मुलांपैकी. म्हणजे रणांगणावर सोमनाथांना आपल्याच शाळेचे सीनियर वरिष्ठ म्हणून भेटले.

या दोघांची एक गोष्ट मला फार आवडते. ब्रह्मदेशात एका चकमकीनंतर तुकडी मागे येत होती. सोमनाथांचा ऑर्डर्ली बहादूर जखमी झाला होता आणि त्याला चालता येत नव्हते. सोमनाथांनी त्याला खांद्यावर घेतले. साहजिकच ते मागे पडू लागले. थिमय्यांनी त्यांना जखमी माणसाला खाली ठेवून लवकर पुढे यायला सांगितले. सोमनाथांनी उलट कळवले की हा माझा स्वतःचा माणूस आहे, त्याला मी टाकून येणार नाही. आणि खरोखरच ते त्याला घेऊन आले. आपल्याकडे क्रॉस कंट्रीत हाऊसचा मागे राहिलेला मुलगा सोबत घेऊन येणाऱ्या सीनियरला पहिला नंबर मिळत नाही. पण त्या दिवशी रात्री डॉर्मिटरीत त्याच्याबद्दल वेगळ्या आवाजात बोलले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे.

मग १९४७ चा ऑक्टोबर उजाडला. टोळीवाल्यांच्या फौजा काश्मीरमध्ये शिरल्या आणि २७ ऑक्टोबरला आपले सैन्य विमानांनी श्रीनगरला उतरू लागले. सोमनाथ तेव्हा चौथ्या कुमाऊँ बटालियनच्या डेल्टा कंपनीचे प्रमुख होते. हॉकी खेळताना त्यांच्या हाताला दुखापत झाली होती आणि हात प्लास्टरमध्ये होता. असा अधिकारी मागे राहिला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण कंपनी जाणार आणि आपण राहणार हे त्यांना पटले नाही. हट्ट धरून ते कंपनीबरोबर गेलेच.

३ नोव्हेंबरला तीन कंपन्या श्रीनगर विमानतळाजवळच्या बडगाम भागात गस्तीला गेल्या. शत्रू कुठे दिसला नाही, म्हणून दोन कंपन्या परत फिरल्या. सोमनाथांच्या कंपनीला दुपारी तीनपर्यंत थांबायचे होते. अडीचच्या सुमारास बडगाम गावातल्या घरांमधून गोळ्या येऊ लागल्या. सोमनाथांनी तिकडे उलट गोळीबार केला नाही, कारण घरांत गावकरी होते. तेवढ्यात दुसऱ्या बाजूच्या सखल भागातून सुमारे ७०० टोळीवाले चालून आले. बळ एकास सात असे होते. तीन बाजूंनी मारा सुरू झाला आणि उखळी तोफांचे गोळे पडू लागले.

इथे विमानतळाचे महत्त्व समजून घ्यायला हवे. रस्त्याने सैन्य वेळेत पोहोचणे शक्य नव्हते. जी काही कुमक येणार होती, ती त्या एका धावपट्टीवर उतरणार होती. बडगाम पडले असते तर धावपट्टी शत्रूच्या टप्प्यात आली असती. धावपट्टी गेली की श्रीनगर गेले. सोमनाथांना हे पूर्ण कळत होते.

पुढचे काही तास ते एका मोर्च्यावरून दुसऱ्या मोर्च्यावर उघड्या मैदानातून धावत राहिले. आपल्या विमानांना शत्रू कुठे आहे हे कळावे म्हणून त्यांनी गोळीबारात उघड्यावर जाऊन कापडी पट्टे अंथरले. माणसे कमी पडू लागली तेव्हा प्लास्टरमधल्या हातासह ते स्वतः मॅगझिनमध्ये गोळ्या भरून लाइट मशीनगनवाल्यांना देऊ लागले. वायरलेसवरून त्यांनी ब्रिगेडला कळवले की शत्रू अगदी जवळ आला आहे, आपण फार थोडे आहोत, तरीही कंपनी जागा सोडणार नाही. त्यानंतर थोड्याच वेळात एक गोळा त्यांच्या शेजारच्या दारूगोळ्यावर येऊन पडला. स्फोटात ते गेले.

कंपनी मात्र मोडली नाही. प्रमुख पडल्यावरही जवान लढत राहिले. शत्रू सुमारे सहा तास अडकून पडला आणि तेवढ्या वेळात कुमक येत राहिली. चारच दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, शालटेंगच्या लढाईत टोळीवाल्यांचा कणा मोडला आणि श्रीनगर वाचले. बडगामला सोमनाथांसह वीसहून अधिक कुमाऊँनी वीर कामी आले. सोमनाथांचे शरीर तीन दिवसांनी सापडले. पिस्तुलाचे कातडी म्यान आणि खिशातली गीतेची पाने यांवरून त्यांची ओळख पटली.

त्यांना देशाचे पहिले परमवीर चक्र मिळाले. या पदकाशी एक मराठी घर जोडलेले आहे. पदकाचे चित्र रेखाटले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपीय. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. दधीचींच्या अस्थींपासून झालेले इंद्राचे वज्र त्यांनी पदकावर कोरले. योगायोग असा की त्यांच्या मुलीचे लग्न सोमनाथांच्या धाकट्या भावाशी, सुरिंदरनाथ यांच्याशी झाले होते. सर्वांत धाकटे भाऊ विश्वनाथ शर्मा १९८८ मध्ये लष्करप्रमुख झाले.

बडगामच्या दिवशी सोमनाथांचे वय चोवीस होते. आज शाळा सोडून जाणाऱ्या सीनियर्सपेक्षा फार तर सात वर्षांनी मोठे. हा हिशेब मी केला आणि इंग्रजी पानांवरच्या ओळखी पुन्हा वाचल्या. पहिल्यांदा त्या नुसत्या गमतीच्या वाटल्या होत्या. आता दिसले की हॉकीसाठी हात मोडून घेणारा, मागे राहिलेल्याला सोडून न जाणारा, आजारी असून परेड न चुकवणारा मुलगा आमच्या त्या पानांवरही आहे. बडगामला त्या दुपारी सोमनाथांनी नवीन असे काही शिकून घेतले नाही. शिकायला वेळच नव्हता. जी सवय आधी लागली होती, तीच त्या दिवशी उपयोगी पडली.

म्हणून बारावीच्या सर्व सीनियर्सना आम्हा धाकट्यांकडून एवढेच सांगणे. तुम्ही आमच्या रायफली तपासल्यात, पलंगाच्या चादरी ओढून पुन्हा घालायला लावल्यात, ताप आला तेव्हा रात्री पाण्याची बाटली उशाशी ठेवलीत. ते आम्ही विसरणार नाही. तुमच्यातले कोणी खडकवासल्याला जातील, कोणी इंजिनियर किंवा डॉक्टर होतील. जिथे जाल तिथे सोबतच्या माणसाला टाकून येऊ नका. आणि सुट्टीत कधी या बाजूला आलात, तर मैदानावर नक्की या. हॉकी स्टिक तयार ठेवू.