खत नसलेलें कर्ज

सोलापुरांत कर्ज म्हणजे काय हें कोणास समजावून सांगावयास नको. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी निघाली, तेव्हांपासून पगाराचा दिवस आणि उसनवारी फेडण्याचा दिवस हे अनेक कष्टकरी घरांत एकच होऊन बसले. ती जुनी गिरणी १९६३ सालीं बंद पडली. उसनवारी मात्र बंद पडली नाहीं. यंत्रमागावरील कामगार, विड्या वळणारी बाई, पेठेंतील लहान दुकानदार, सर्वांच्या घरीं ती आहे. पूर्वीं ती सावकाराच्या चोपडींत लिहिली जाई, आतां हप्त्यांच्या तक्त्यावर व मोबाईलच्या पडद्यावर लिहिली जाते, एवढाच काय तो फरक. या कर्जाविषयीं बोलणें निघालें कीं लोकांचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खर्च आटोपता घ्या. दुसरा म्हणतो, मिळकतच तुटपुंजी, तेथें काटकसर करून काय निघणार? दोन्ही पक्ष अर्धें खरें बोलतात. ज्या घरानें हीं दोन्ही अर्धीं एकत्र जोडलीं, त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या घराचा जमाखर्च आज वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें. कायदेकौन्सिलांतील गोखले सर्वांस ठाऊक आहेत. घरांतील गोखले तितके ठाऊक नाहींत.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूर संस्थानाच्या मुलुखांत कागल येथें नोकरीस होते. कारकुनीपासून चढत ते फौजदार झाले. १८७९ सालीं ते वारले, तेव्हां गोपाळ तेरा वर्षांचा आणि थोरला गोविंद अठरा वर्षांचा होता. मागें विधवा आई व बहिणी. शिल्लक म्हणण्याजोगी कांहींच नव्हती. गोविंदरावांनीं आपलें शिक्षण सोडून कागलास दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्या पंधरांतून आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवूं लागले.

आमच्या व्यापारी वाचकांनीं हा हिशेब क्षणभर डोळ्यांपुढें धरावा. पंधरांतून आठ गेले, सात उरले. त्या सातांत सारा संसार. मिळकतीचा अर्ध्याहून अधिक भाग ज्या कामीं घातला, त्याचें फळ कित्येक वर्षें हातीं यावयाचें नव्हतें, आणि येईलच अशी हमीही कोणी देत नव्हतें. या रकमेचें खत झालें नाहीं, व्याज ठरलें नाहीं, मुदत ठरली नाहीं. धनको सख्खा भाऊ आणि ऋणको एक शाळकरी पोर. असलें कर्ज बुडविण्यास कोर्टाची भीति नसते. म्हणूनच तें फार घरांत बुडतें.

मुलानें तें पहिल्या दिवसापासून ओळखलें होतें. हातानें स्वयंपाक करावा, आण्या-पैचा विचार करावा, असे ते दिवस होते. एका मित्रानें त्यास एकदां नाटकास नेलें. आपण पाहुणे म्हणून जात आहों अशी गोपाळाची समजूत. मागाहून मित्रानें तिकिटाचे पैसे मागितले. ते त्यानें निमूटपणें दिले, आणि तेवढी रक्कम भरून निघावी म्हणून घरचा दिवा न लावतां रस्त्यावरील कंदिलाखालीं बसून अभ्यास केला, असें सांगतात. मुलांच्या वाचनपुस्तकांनीं या गोष्टीचें पुष्कळ कौतुक केलें आहे. कंदिलाखालीं डोळे शिणविण्याचा उपदेश आम्ही कोणाच्या मुलास करणार नाहीं. आम्हांस त्यांतला दुसराच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. अकल्पित खर्च उभा राहिला तेव्हां त्यानें भावाकडे नववा रुपया मागितला नाहीं; दिव्याच्या तेलांतून तो खर्च वळता केला. आठ रुपये म्हणजे आठ रुपये, ही मर्यादा त्यानें मोडली नाहीं. हप्त्यावर हप्ता चढवून मागचा हप्ता भरणाऱ्यांनीं पाहावें तें इतकेंच.

१८८१ सालीं गोपाळ मॅट्रिक झाला. आतां आपणही नोकरी धरावी आणि भावाच्या खांद्यावरचें ओझें उतरावें, असें त्याच्या मनानें घेतलें. येथें या घरांतील तिसरें माणूस पुढें आलें. गोविंदरावांच्या पत्नीनें, म्हणजे गोपाळाच्या वहिनींनीं, त्याच्या कॉलेजच्या खर्चासाठीं अंगावरचे दागिने विकण्याची तयारी दाखविली. स्त्रीचें सोनें ही तिची स्वतःची अशी एकुलती ठेव. घरांत दुसऱ्या कशावर तिचा हक्क त्या काळीं धड चालत नसे. तें सोनें दिराच्या विद्येवर लावावयास ती निघाली. आपल्या गांवांतही सोनें गहाण पडतें, पण किती घरांत तें विद्येसाठीं पडतें आणि किती घरांत दोन दिवसांच्या मांडवासाठीं, याचा झाडा ज्याचा त्यानें घ्यावा.

राजाराम कॉलेज, कांहीं काळ डेक्कन कॉलेज आणि शेवटीं मुंबईचें एल्फिन्स्टन, असा प्रवास करून गोपाळराव १८८४ सालीं अठराव्या वर्षीं बी. ए. झाले. मुंबईंत वीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली, तेव्हां कागलचा भार हलका झाला. पुढें वकिली करावी, म्हणजे घर वर येईल, अशी साहजिकच सर्वांची आशा. १८८५ च्या आरंभीं ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. कायद्याचा अभ्यासही चालू ठेविला. पस्तीस रुपयांनीं घराचें देणें फिटावयाचें नाहीं हें उघड होतें. म्हणून शाळेखेरीज सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसणाऱ्या उमेदवारांस ते शिकवूं लागले. मिळकत वाढविण्याची ही त्यांची पहिली खटपट. अंगीं असलेल्या विद्येखेरीज तिला दुसरें भांडवल लागलें नाहीं.

आणि मग १८८६ सालीं त्यांनीं वकिलीचा नाद सोडून डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें आजीव सभासदत्व पत्करलें. पगार दरमहा पंचाहत्तर, आणि बांधिलकी वीस वर्षांची. ज्या भावानें आपलें शिक्षण टाकलें, त्याला हें काय वाटलें असेल? गोपाळरावांनीं त्यांची संमति घेतल्यावांचून हें पाऊल टाकलें नाहीं, आणि गोविंदरावांनीं ती दिली. कोणी म्हणेल, हा घरावर अन्यायच झाला. आम्ही तसें सर्वस्वीं म्हणत नाहीं, तरी हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं हें कबूल करितों. देशसेवेच्या नांवाखालीं घरचें देणें विसरलेले गृहस्थ महाराष्ट्रानें पाहिले आहेत. गोखले त्यांत बसत नाहींत, कारण पगारास मर्यादा पडली म्हणून त्यांनीं मिळकतीची दुसरी वाट शोधली.

ती वाट म्हणजे त्यांचें अंकगणित. शाळेंत गणित शिकवितांना जी उदाहरणें तयार झालीं, त्यांतून हें पुस्तक उभें राहिलें. मॅकमिलन कंपनीनें तें छापलें आणि हिंदुस्थानांतील कित्येक भाषांत त्याचीं भाषांतरें झालीं. १९०२ सालीं गोखले फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले, तेव्हां त्यांस पेन्शन मिळाली ती तीस रुपयांच्या आंतबाहेर. त्या पेन्शनीपेक्षां पुस्तकाचें उत्पन्न कितीतरी अधिक होतें. दिवसाचें काम एकदांच करावें आणि तें वर्षानुवर्षें कमावीत राहावें, ही युक्ति पेढीवरच्या माणसास निराळी सांगावयास नको.

येथवर घराचा हिशेब झाला. पण घराच्या हिशेबास एक टोंक बाहेरचेंही असतें, आणि तें गोखल्यांस त्यांचे गुरु न्यायमूर्ति रानडे यांजकडून दिसलें. रानडे आपल्या भागास परके नव्हते. तारुण्यांत कांहीं काळ ते अक्कलकोटास कारभारी होते. आणि कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्यांसाठीं १८७९ सालीं झालेला जो कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागूं झाला, त्याचे खास न्यायाधीश म्हणून ते या जिल्ह्यांतून हिंडले. सावकाराची वही आणि कुळाचें घर दोन्ही त्यांनीं जवळून पाहिलीं. त्यांच्या हाताखालीं १८८७ पासून सार्वजनिक सभेचें त्रैमासिक चालवितां चालवितां गोखल्यांनीं अर्थशास्त्र आत्मसात केलें.

त्याचा उपयोग २६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास झाला. अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्या भाषणांत गोखल्यांनीं मिठावरील करावर हल्ला चढविला. १८८८ पासून हा कर मणास अडीच रुपये होता. गरिबाचें घर कपडा कमी करील, तेल कमी करील, दिवाही लावणार नाहीं. पण मिठांत काटकसर करावयाची म्हणजे किती करावयाची? सरकारी तिजोरींत शिल्लक पडत असतांना हा कर घेणें अन्यायाचें, असा त्यांचा रोंख होता. १९०३ सालीं तो दोन रुपयांवर आला, १९०५ सालीं दीडावर, १९०७ सालीं एकावर. याचें सारें श्रेय एकट्या गोखल्यांचें असें कोणी म्हणूं नये. पण आठ रुपयांवर महिना काढलेला सभासद त्या सभागृहांत दुसरा क्वचित्च बसला असेल.

त्याच १९०७ सालीं गोविंदराव वारले. दोन वर्षांपूर्वीं गोखल्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला होता. सभासदांनीं स्वतःसाठीं पैसा मिळवावयाचा नाहीं, ठरलेल्या लहान वेतनांत राहावयाचें, अशी त्याची शपथ. या बेताच्या स्थितींतही भावाच्या कुटुंबाचा भार त्यांनीं आपल्या शिरावर घेतला. दागिने पुढें करणाऱ्या वहिनींच्या घराकडे कागलच्या आठ रुपयांची परतफेड अशी सुरू राहिली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले पुण्यास निवर्तले. त्यांचें अंकगणित त्यानंतरही पुष्कळ वर्षें शाळांतून चालू होतें.