अ‍ॅडमिशन नाकारलेला व्हर्दी आणि त्याचं रिक्विएम

मेरिट लिस्ट आणि हुकलेली अ‍ॅडमिशन आपल्याला नवीन नाही. १८३२ साली मिलानच्या संगीत विद्यालयाने अठरा वर्षांच्या एका मुलाला प्रवेश नाकारला. वय जास्त, पियानोवर हात ठेवायची पद्धत चुकीची, आणि वर परक्या राज्यातला! त्या मुलाचं नाव ज्युसेप्पे व्हर्दी. आज त्याच विद्यालयाला त्याचं नाव आहे.

व्हर्दीचा जन्म १८१३ चा, ले रोंकोले नावाच्या खेड्यातला. वडिलांची खानावळ होती. जवळच्या बुसेतो गावातल्या बारेत्झी नावाच्या व्यापाऱ्याने पोराचे गुण हेरले, शिक्षणाला हातभार लावला आणि १८३६ मध्ये आपली मुलगी मार्गेरिता त्याला दिली. सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच घर रिकामं होत गेलं. १८३८ मध्ये छोटी मुलगी गेली, १८३९ मध्ये मुलगा आणि १८४० मध्ये मार्गेरिताही. त्याच वर्षी त्याचा विनोदी ऑपेरा सपशेल आपटला. विनोदी! त्या अवस्थेत त्याने तो कसा पुरा केला असेल, याचा विचारही करवत नाही. पण १८४२ च्या ‘नाबुक्को’ने त्याला उभं केलं आणि मग त्याने मागे वळून पाहिलं नाही.

आता रिक्विएमबद्दल. रिक्विएम म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये मृतांच्या शांतीसाठी होणारी मिस्सा. लॅटिन शब्द साधारण ठरलेले, संगीत ज्याचं त्याचं. एकाच अभंगाला अनेकांनी चाली लावाव्यात तसंच! माझ्या आवडीची चार. मोझार्टचं १७९१ मध्ये त्याच्याच मृत्यूने अर्धवट राहिलं. ‘लाक्रिमोसा’चे आठ बार लिहून त्याचा हात थांबला आणि शिष्य स्युसमायरने ते पुरं केलं. ब्राम्सने लॅटिन बाजूला ठेवून जर्मन बायबलमधली वचनं घेतली आणि मागे राहिलेल्यांचं सांत्वन केलं. फोरेने कयामतीच्या दिवसाचं लांबलचक वर्णन जवळजवळ गाळूनच टाकलं. त्याचं रिक्विएम म्हणजे शांत झोप. सबमिशनच्या आदल्या रात्री ऐकायला उत्तम!

पण माझा पहिला नंबर व्हर्दीचाच. त्यामागची गोष्टही तशीच आहे. १८६८ मध्ये संगीतकार रॉसिनी वारला. इटलीतल्या संगीतकारांनी मिळून त्याच्यासाठी एक रिक्विएम लिहावं, अशी कल्पना व्हर्दीने मांडली. तेरा जणांनी एकेक भाग लिहिला. व्हर्दीकडे शेवटचा, ‘लिबेरा मे’. पण ऐनवेळी कार्यक्रमच बारगळला. पुढे २२ मे १८७३ रोजी त्याचा आदर्श असलेला लेखक मान्झोनी गेला. व्हर्दी अंत्ययात्रेला गेला नाही. नंतर एकटाच कबरीपाशी जाऊन आला आणि संपूर्ण रिक्विएम लिहायला बसला. पडून राहिलेलं ‘लिबेरा मे’ सुधारून शेवटी आलं. ‘डॉन कार्लोस’ ऑपेरातून कापलेल्या एका तुकड्याची धून ‘लाक्रिमोसा’त आली. रिसायकलिंग याला म्हणतात! बरोबर एका वर्षाने, २२ मे १८७४ ला, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये स्वतः व्हर्दीने ते सादर केलं.

हे चर्चमध्ये घुसलेलं ऑपेराच आहे, अशी टीका झाली. ‘दिएस इरे’ ऐकलंत तर टीकाकारांचं म्हणणं पटेलही. ढोल असा आदळतो की खुर्चीतून उठायला होतं. पण मला वाटतं, ताकद तिथेच आहे. व्हर्दी काही फार श्रद्धाळू नव्हता. दोन मुलं आणि बायको पुरलेल्या माणसाला मरण म्हणजे नुसती शांत झोप वाटली नसणार. त्याच्या रिक्विएममध्ये भीती आहे, राग आहे, गयावया आहे. शेवटी सोप्रानो सुटकेची याचना करते, आणि सगळं कुजबुजीत विरतं. सुटका झाली की नाही, ते व्हर्दी सांगत नाही. फोरे समजूत घालतो. व्हर्दी आपल्याबरोबर घाबरतो. मला तो जास्त जवळचा वाटतो.

म्हातारपणी त्याने मिलानमध्ये निवृत्त, गरजू गायक-वादकांसाठी घर बांधलं. ते आपल्यामागेच सुरू व्हावं, ही त्याची इच्छा. २७ जानेवारी १९०१ ला तो गेला आणि १९०२ मध्ये घर उघडलं. त्याची कबर तिथेच आहे, आणि वयस्कर कलावंत आजही तिथे राहतात.

तेव्हा पुढच्या सुट्टीत दीड तास काढा, दार लावून घ्या आणि ऐका. आवाज मात्र आधी जरा कमी ठेवा. तो ढोल सांगून येत नाही!