वादळातही चूल पेटती ठेवणारा कप्तान

शिडाच्या छोट्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून कॅप्टन जोशुआ स्लोकमचे नाव नौकानयनाच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. १८९५ ते १८९८ या काळातील त्याच्या सफरीचा विषय निघाला की, उसळत्या लाटा आणि केप हॉर्नची वादळे यांचेच वर्णन प्रथम होते. मात्र, तीन वर्षांहून अधिक काळ समुद्रावर एकट्याने तग धरण्यामागे साहसाइतकाच रोजच्या नेटक्या संसाराचाही वाटा होता. स्वयंपाक, शिवणकाम, डागडुजी, वाचन आणि झोप यांची घडी त्याने भर वादळातही फार काळ विस्कटू दिली नाही.

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात २० फेब्रुवारी १८४४ रोजी स्लोकमचा जन्म झाला. वडील शिस्तीचे कठोर आणि व्यवसाय बूट बनविण्याचा. त्या दुकानात या मुलाचे मन रमले नाही. लहान वयातच घर सोडून तो एका मासेमारी नौकेवर स्वयंपाकी म्हणून लागला. पण त्याने केलेला पहिलाच गोड पदार्थ खलाशांना इतका नापसंत पडला की, ती नोकरी तिथेच संपली. पुढे साध्या खलाशापासून सुरुवात करून तो मोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला. १८७१ मध्ये सिडनी येथे व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी त्याचा विवाह झाला. तिने सारा संसार जहाजावरच केला. १८८४ मध्ये ब्युनोस आयर्स येथे तिचे निधन झाले आणि स्लोकमच्या आयुष्याची दिशाच बदलली. १८८७ च्या अखेरीस त्याचे ‘अ‍ॅक्विडनेक’ हे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. तेव्हा त्याने तिथेच ३५ फुटांची नौका बांधली आणि दुसरी पत्नी हेन्रिएटा व दोन मुलांना घेऊन पाच हजारांहून अधिक मैलांचा प्रवास करीत तो अमेरिकेत परतला.

तोपर्यंत वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांचा धंदा जवळजवळ बुडविला होता. पन्नाशीकडे झुकलेल्या, आयुष्यभर शिडांवर वाढलेल्या कप्तानाला काम मिळेना. १८९२ मध्ये एका ओळखीच्या कप्तानाने त्याला मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे शेतात उभी असलेली ‘स्प्रे’ नावाची जुनी, मोडकळीस आलेली नौका देऊ केली. स्लोकमने ओकची झाडे तोडून तिची फळी न् फळी स्वतःच्या हाताने बदलली. या कामाला १३ महिने लागले आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च आला. ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद अशी ही नौका हेच त्याचे घर ठरले.

२४ एप्रिल १८९५ रोजी त्याने बोस्टन सोडले. जवळचे क्रोनोमीटर दुरुस्त करण्यास १५ डॉलर लागणार होते. तेवढा खर्च न परवडल्याने त्याने तबकडी फुटलेले एक पत्र्याचे घड्याळ एका डॉलरला विकत घेतले आणि त्याच्या भरवशावर महासागर ओलांडले. सुरुवातीच्या दिवसांत एकटेपणा फार जाचू लागला, तेव्हा आवाज बसू नये म्हणून तो मोठ्याने हुकूम सोडी. उत्तर देणारे कोणीच नसल्याने ते पोकळ वाटू लागले, मग तो गाऊ लागला. ‘स्प्रे’ची बांधणी अशी समतोल होती की, शिडे नीट लावून सुकाणू बांधून ठेवले की ती आपली दिशा आपणच धरी. त्यामुळे कप्तानाला चूल पेटवायला, पुस्तक वाचायला आणि झोपायला सवड मिळे. बटाटे, खारवलेला मासा, बिस्किटे आणि कॉफी हा नित्याचा आहार. रात्री डेकवर येऊन पडणारे उडते मासे ही सकाळची मेजवानी.

सुएझमार्गे पूर्वेकडे जाण्याचा त्याचा मूळ बेत होता. भूमध्य समुद्रात चाच्यांचा धोका असल्याचा इशारा जिब्राल्टर येथे मिळाल्यावर त्याने तो बदलला आणि अटलांटिक पुन्हा ओलांडून तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे निघाला. खरी परीक्षा तिथेच होती. फेब्रुवारी १८९६ मध्ये तो मॅगेलन सामुद्रधुनीतील पुंता अरेनास बंदरात पोहोचला. या भागात डोंगरांवरून अचानक कोसळणारे वारे नौका उलथवून टाकतात. त्यातच वसाहतवाले आणि स्थानिक आदिवासी यांच्यातील वैर विकोपाला गेलेले. बंदरातील सॅम्ब्लिच नावाच्या कप्तानाने त्याला निरोप देताना सतरंजीला ठोकायच्या खिळ्यांची पिशवी दिली.

३ मार्च रोजी ‘स्प्रे’ प्रशांत महासागरात शिरली आणि लगेचच वायव्येकडून भयंकर वादळ सुटले. मोठ्या शिडाच्या चिंध्या झाल्या. डोलकाठी उघडी ठेवून, मागे दोन लांब दोर सोडून नौका वाऱ्यापुढे केप हॉर्नच्या दिशेने पळत राहिली. आयुष्य समुद्रावर घालविलेल्या या कप्तानालाही बोट लागली आणि काही काळ अन्नावरची वासनाच उडाली. तरीही नौकेच्या सुरक्षिततेसाठी करण्यासारखे सारे करून झाल्यावर तो दोन लाटांच्या मधल्या क्षणी खाली उतरला, लाकडे पेटवली, कॉफी ठेवली आणि मांस-बटाट्याचा रस्सा शिजविला. गरम जेवण हा त्याचा नियम होता आणि तो त्याने इथेही मोडला नाही. एका रात्री तो खडकांवर फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध सापडला. गारांच्या माऱ्याने चेहरा रक्ताळला. पहाटेच्या उजेडात वाट काढत तो दुसऱ्या मार्गाने पुन्हा त्याच सामुद्रधुनीत आला.

थकलेल्या स्लोकमने नांगर टाकला आणि झोपण्यापूर्वी सारे खिळे डेकवर पसरले. मध्यरात्री अनवाणी पायांनी वर चढलेल्यांच्या किंकाळ्यांनीच त्याला जाग आली. पुढचे कित्येक दिवस त्याने सुई-दोरा हाती घेऊन फाटलेल्या शिडांवर ठिगळे जोडली. एका खाडीत फुटलेल्या जहाजातील चरबीची पिंपे वाहून आली होती, तीही त्याने नौकेत भरली. १३ एप्रिल रोजी अखेर त्याला प्रशांत महासागराची वाट मोकळी झाली. हुआन फर्नांडिस बेटावर पोहोचल्यावर त्याच चरबीत तळलेले डोनट त्याने बेटकऱ्यांना करायला शिकविले. पोरवयात स्वयंपाकापायी नोकरी गमावलेल्या माणसाच्या हातची चव आता दूरच्या बेटावर रुजली.

तिथून ७२ दिवस कोणत्याही बंदरात न थांबता तो सामोआला पोहोचला. पुढे ऑस्ट्रेलिया, कोकोस बेटे, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका आणि सेंट हेलेना असा प्रवास करीत, घराजवळच्या समुद्रात आलेल्या अखेरच्या वावटळीतूनही वाचून, २७ जून १८९८ रोजी त्याने न्यूपोर्ट येथे नांगर टाकला. ४६ हजारांहून अधिक मैलांचा प्रवास पूर्ण झाला होता. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्ताने त्याला कीर्ती मिळवून दिली. त्याने जमीन घेऊन शेतीही करून पाहिली. परंतु जमिनीवर त्याचा जीव रमला नाही. १९०९ च्या सुमारास नोव्हेंबरात तो पुन्हा ‘स्प्रे’ घेऊन एकटाच दक्षिणेकडे निघाला आणि परतला नाही. सारे आयुष्य पाण्यावर काढलेल्या या माणसाला पोहता येत नव्हते. १९२४ मध्ये कायद्याने त्याला मृत घोषित करण्यात आले.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९ ऑगस्ट २००९ रोजी, नौदल अधिकारी दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांच्यापाशी उपग्रहाची साधने होती, स्लोकमपाशी फुटक्या तबकडीचे घड्याळ. पण फाटले ते शिवणे, मोडले ते जोडणे आणि वादळातही दोन घास पोटात घालणे या कामांतून एकट्या खलाशाची सुटका कोणत्याही काळात नाही. ही कामे कंटाळा न करता रोज करीत राहणे, हीच स्लोकमची मोठी कमाई होती.