मातृसेविका कै. कमलाताई होस्पेट

नागपुरात वाढलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांचा जन्म सीताबर्डी अथवा महाल येथील मातृसेवा संघाच्या सूतिकागृहात झाला, अशांची मोजदाद कोणी केली तर ती संख्या लहान निघणार नाही. परंतु ते सूतिकागृह ज्या बाईने उभे केले, तिचे चरित्र नव्या पिढीतील किती कुटुंबांस ठाऊक असेल, याची शंकाच आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्या पुण्यशील स्त्रीचे स्मरण करण्याचे योजिले आहे.

कमलाताईंचे माहेरचे नाव यमुना. १८९६ साली खानदेशात मोहोनी घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब कर्वे यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापिला, हा योगायोग मोठा विलक्षण होय. वयाच्या बाराव्या वर्षी गुरुराव होस्पेट यांच्याशी यमुनेचा विवाह झाला, आणि पंधराव्या वर्षी तिला वैधव्य आले. संसार तीन वर्षांचा. त्या संसाराने दिलेले आडनाव मात्र पुढे सत्तर वर्षे सार्‍या विदर्भात आदराने घेतले गेले.

बालविधवेच्या वाट्यास त्या काळी काय येत असे, हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. आपल्याच ज्ञातीत काय, किंवा पांढरपेशा म्हणविणार्‍या इतर ज्ञातींत काय, अशी एखादी आत्या किंवा मावशी माजघराच्या कोपर्‍यात दळणकांडणात व सोवळ्याच्या स्वयंपाकात आयुष्य घालवी. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायदा झाला म्हणून घराचे दार उघडतेच असे नाही. थोरामोठ्यांची चरित्रे आपण अभिमानाने छापतो. ज्या दारांवर त्यांना आधी धक्के द्यावे लागले ती आपलीच होती, ही गोष्टही छापली पाहिजे.

कमलाताईंनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे व प्रसूतिशास्त्राचे शिक्षण घेतले. हे वाक्य लिहावयास सोपे. परंतु कुलीन घरातील विधवेने दुसर्‍यांच्या बाळंतपणास हात लावावा, ही कल्पना तेव्हा कोणास सहन होण्यासारखी नव्हती. परिचारिकेच्या व्यवसायाला जगात प्रतिष्ठा मिळाली तीच मुळी युद्धामुळे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, १८६० साली लंडनमध्ये परिचारिकांची शाळा काढली, आणि तोवर हलके मानलेले काम विद्या म्हणून शिकविले जाऊ लागले. आपल्याकडे १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी निधी उभा राहिला आणि ठिकठिकाणी जनाना रुग्णालये निघाली. रणांगणावरील परिचारिकेला निदान शौर्याचे वलय तरी असते. बाळंतिणीच्या खाटेपाशी उभ्या राहणार्‍या बाईस ते कोठले?

आणि ती खाट तरी कशी असे? घरातील सर्वांत अंधारी, वाराही न शिरणारी खोली, कोपर्‍यात धगधगती शेगडी, अंगाखाली जुनेर. दहा दिवस सोयर म्हणून घरचे माणूसही शिवावयास तयार नाही. नाळ कापावयाचे हत्यार हाताशी सापडेल ते. आईला सूतिकाज्वर आणि तान्ह्याला धनुर्वात, हे जणू विधिलिखितच. स्वच्छ हात धुतल्याने सूतिकाज्वर टळतो, हे व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच दाखविले होते. आमच्या माजघरापर्यंत ते ज्ञान पोचावयास पाऊण शतक लोटावे लागले.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने मध्यप्रांतात घरेच्या घरे ओस पाडली. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले आणि गांधीजींच्या असहकाराने सारे शहर ढवळून निघाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२१ साली, कमलाताई व त्यांच्या सहकारी वेणूताई नेने यांनी सीताबर्डीवर चार खाटांचे सूतिकागृह उघडले. तोच मातृसेवा संघ. पाठीशी ना सरकार, ना संस्थानिक. दोन स्त्रिया आणि चार खाटा.

त्या काळच्या स्त्रिया इस्पितळास भीत, आणि ती भीती केवळ अडाणीपणाची नव्हती. परके वातावरण, परकी भाषा, कोणाच्या हातचे अन्नपाणी याची धास्ती, आणि वेणांच्या वेळी ओळखीचा चेहरा जवळ नसणे, या सर्वांचे दडपण रोगाहून भारी असे. मानसशास्त्राचा ग्रंथ कमलाताईंना कोणी शिकविला नव्हता. पण भ्यालेले मन आधी सावरले पाहिजे, मग देहाला औषध लागू पडते, ही खूणगाठ त्यांच्या कामात सर्वत्र दिसते. आपल्यासारखीच साडी नेसणारी, आपल्याच भाषेत बोलणारी बाई उशाशी उभी आहे, एवढ्यानेच अर्धी भीती सरत असली पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते संघाच्या यशाचे हेच खरे मर्म होय.

चार खाटांच्या त्या रोपाचा विस्तार येथे सांगत बसत नाही. सीताबर्डीबाहेर विदर्भात व मध्यप्रदेशातही शाखा निघाल्या. परिचारिका व सुईणी तयार करण्याचे शिक्षण सुरू झाले. त्यातून कित्येक निराधार स्त्रियांना स्वतःच्या कमाईचा घास मिळाला. तिच्या हातात पगार पडू लागला की घरात तिला विचारून गोष्टी होऊ लागतात, हे ज्यांच्या घरी घडले आहे त्यांस वेगळे सांगावयास नको. १९५८ साली संघाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढली. पुढे वृद्धांसाठी पंचवटी, आणि मतिमंद मुलांसाठी नंदनवन.

या नंदनवनाविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. अशा मुलास घरात लपवून ठेवण्याची, पाहुणे आले की आतल्या खोलीत बसविण्याची रीत आपल्यात होती. लग्नाच्या बोलण्यांत त्याचा उल्लेखही टाळला जाई. ती अजून पुरती गेली आहे, असे म्हणवत नाही. नंदनवनात त्याच मुलाला शाळा मिळाली, सोबती मिळाले, हाताला काम मिळाले. आणि आईला, आपल्यासारख्या आणखी आया आहेत हे कळले. बाळंतिणीला अंधार्‍या खोलीतून बाहेर काढणार्‍या संस्थेने दुसर्‍या एका अंधार्‍या खोलीचे दार उघडले.

१९६१ साली भारत सरकारने कमलाताईंना पद्मश्री देऊन गौरविले. नोव्हेंबर १९८१ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. संघ स्थापन होऊन तेव्हा साठ वर्षे झाली होती, आणि सीताबर्डीच्या त्या सूतिकागृहात जन्मलेल्या मुलींच्या मुलीही तेथेच बाळंत होऊन गेल्या होत्या.