रब्बी मनश्शे बेन इस्राएल आणि चार चित्रे

रब्बी मनश्शे बेन इस्राएल यांचा जन्म १६०४ साली, बळाने ख्रिस्ती केलेल्या एका पोर्तुगीज यहुदी घराण्यात झाला. वडिलांनी लिस्बनला इन्क्विझिशनचा छळ सोसला होता. (१५६० मध्ये गोव्यात बसलेले न्यायासन त्याच जातीचे.) पुढे कुटुंब अ‍ॅमस्टरडॅमला आले व उघडपणे तोरा पाळू लागले. मनश्शे अठराव्या वर्षी रब्बी झाले, पण पगारात भागेना. म्हणून १६२६ साली त्यांनी हिब्रू छापखाना काढला. त्या शहरातला तो पहिलाच.

सुप्रसिद्ध चित्रकार रेम्ब्रांट त्यांच्या शेजारात राहत. १६५५ साली मनश्शेंनी 'तेजस्वी शिला' या अर्थाच्या नावाचे स्पॅनिश पुस्तक लिहिले. नबुखद्नेस्सराच्या स्वप्नातील मूर्ती फोडणारा दगड, याकोबाच्या उशाचा दगड आणि दाविदाच्या गोफणीतला दगड एकच, आणि तो मशीहाची खूण, असे त्यांचे म्हणणे. पुस्तकासाठी रेम्ब्रांटने चार चित्रे केली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा तेजाबाने खाववायचा, अशी ती रीत.

चौथ्या चित्रात दानीएलाचा दृष्टान्त होता. खाली चार श्वापदे, वर साक्षात परमेश्वर! ख्रिस्ती चित्रकारांत अशी जुनी रूढी होती. दानीएलाच्या ग्रंथातही शुभ्र केसांच्या पुरातनाचे वर्णन आहेच. पण शब्दांत सांगणे वेगळे आणि पत्र्यावर काढणे वेगळे. काही प्रतींत मग याच प्रसंगांची दुसरी कोरीव चित्रे आली. ती शालोम इटालिया या यहुदी कारागिराची मानली जातात. त्यांत रेम्ब्रांटचीच मांडणी आहे, परमेश्वराची आकृती मात्र नाही.

आपल्या घरांतही एलियाहू हन्नाबीची तसबीर असते, आणि १८७४ च्या पुण्याच्या हगादात चित्रे आहेत. चित्राला आपली ना कधीच नव्हती. इथे बेलव्ह्यूत मुले हगादा चाळताना विचारतात, यात देव कुठे आहे? मला तो प्रश्न फार आवडतो.

त्याच वर्षी मनश्शे लंडनला गेले. १२९० पासून यहुद्यांना बंद असलेले इंग्लंड उघडावे, असा अर्ज त्यांनी क्रॉमवेलपुढे ठेवला. त्यात कोचीनच्या यहुद्यांचा उल्लेख आहे; कोकणातल्या आपल्या शनिवार तेल्यांची गंधवार्ता त्यांना नव्हती. लेखी परवानगी काही मिळाली नाही. १६५७ साली तरुण मुलगा तिथेच वारला. त्याचे प्रेत घेऊन ते हॉलंडला परतले आणि त्याच नोव्हेंबरात मिडलबर्ग येथे निवर्तले.