फेला कुटी : सरकारला नडलेला सॅक्सोफोन

मित्रांनो, घरच्यांनी पाठवलं एक शिकायला आणि पोरगं शिकून आलं भलतंच, असे किस्से आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये सापडतील. पण असंच एक पोरगं पुढे आख्ख्या लष्कराला नडलं! ही गोष्ट नायजेरियाच्या फेला कुटीची.

फेलाचा जन्म १५ ऑक्टोबर १९३८ रोजी आबेओकुटा या गावी झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक. आई फन्मिलायो म्हणजे वाघीणच. ब्रिटिश राजवटीत बायकांवर लादलेल्या कराविरुद्ध तिने हजारो जणींना रस्त्यावर उतरवलं. शेवटी १९४९ मध्ये तिथल्या राजालाच काही काळ गादी सोडावी लागली.

१९५८ साली फेला डॉक्टरी शिकायला लंडनला गेला आणि नाव घातलं ते संगीताच्या कॉलेजात! त्याचे दोन भाऊ डॉक्टर झाले, हा मात्र ट्रम्पेट फुंकत बसला. मायदेशी परतून बँड चालवला. १९६९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना काळ्या लोकांच्या चळवळीशी त्याची ओळख झाली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाणं नुसतं नाचण्यापुरतं ठेवायचं नाही, हे तिथेच ठरलं.

मग तयार झाला आफ्रोबीट. पश्चिम आफ्रिकेचं हायलाइफ, योरुबा ताल, जॅझ आणि जेम्स ब्राउनचा फंक, सगळं एकत्र. ताल सांभाळायला टोनी ॲलनसारखा अफलातून ड्रमर. एकेक गाणं पंधरा-वीस मिनिटांचं! आधी ड्रम, गिटार आणि सॅक्सोफोन माणसाला नाचायला लावणार, आणि तो पुरता रंगला की फेला सरकारची लक्तरं काढणार. तीही बाजारातल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, म्हणजे हमालापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळावं.

१९७६ मध्ये 'झोंबी' आलं. हुकूम मिळेल तसं चालणाऱ्या सैनिकांची त्यात यथेच्छ टर उडवली होती. लोक रस्त्यावर सैनिकांना बघून ते गाऊ लागले. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिक त्याच्या घरावर चालून गेले. मारहाण झाली, घर जाळलं, आणि ७६ वर्षांच्या आईला वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. त्या दुखण्यातून ती उठलीच नाही, १९७८ मध्ये गेली. चौकशीत दोष गेला 'अज्ञात सैनिकां'वर. फेलाने शवपेटी थेट लष्करी छावणीच्या दारात नेऊन ठेवली, आणि दोन्हींवर गाणी केली!

१९८४ मध्ये परकीय चलनाच्या आरोपाखाली त्याला तुरुंगात टाकलं. सुमारे वीस महिन्यांनी तो सुटला.

फेला काही देवमाणूस नव्हता. १९७८ मध्ये त्याने एकदम २७ बायकांशी लग्न केलं. एड्स हा रोगच त्याला मान्य नव्हता. २ ऑगस्ट १९९७ रोजी तो त्याच रोगाने गेला. लोक या रोगाचं नाव घ्यायलाही घाबरत, त्या काळात मोठ्या भावाने, माजी आरोग्यमंत्री डॉ. ओलिकोये यांनी, मृत्यूचं कारण जाहीरपणे सांगितलं. लपवाछपवी न करण्याचा घराण्याचा गुण म्हणायचा!

टोनी ॲलन पुढे पॅरिसला स्थायिक झाला आणि २०२० मध्ये तिथेच गेला. फ्रान्सचा डिस्कोवाला सेरोन याच्यासोबतही त्याने ड्रम वाजवले. त्यामुळे लागोसचा ताल पॅरिसच्या डान्स फ्लोअरवरही पोचला.

तेव्हा दोस्तहो, सबमिशन संपलं की हेडफोन लावा आणि 'झोंबी' ऐका. पाय आपोआप हलतील. पण त्या ठेक्यासाठी एका आईने काय मोजलं, तेही लक्षात असू द्या.