चित्रकार मार्क रॉथ्को

मार्क रॉथ्को याचा जन्म १९०३ साली रशियन साम्राज्यातील द्विन्स्क शहरी यहुदी कुटुंबात झाला; दहाव्या वर्षी तो अमेरिकेस आला. न्यूयॉर्क येथे वीस वर्षांहून अधिक काळ त्याने मुलांस चित्रकला शिकविली. पुढे आकृती सोडून, पुरुषभर उंच पटावर रंगांचे पातळ थर देत तो नुसते धूसर कडांचे चौकोन रंगवी. यांस चित्रे कसे म्हणावे, असे प्रथम आम्हांसही वाटते. परंतु मानवी सुखदुःखच तो त्यांत ओतीत असे. १९५८ साली एका उंची उपाहारगृहाचे काम त्याने पत्करले. मात्र तेथे स्वतः जेवून आल्यावर आपली चित्रे धनिकांच्या भोजनाची शोभा व्हावीत हे त्यास रुचेना, व त्याने पैसे परत केले. त्यांतील नऊ चित्रे त्याने लंडनच्या टेट चित्रालयास दिली. ती तेथे पोचली त्याच दिवशी, २५ फेब्रुवारी १९७० रोजी, न्यूयॉर्क येथे त्याचा अंत झाला.